मारकं वासरू कसं जगलं

१

आमची चिमी सोमवारी दिवस उगवायच्या वक्ताला मेली.

चिमी म्हंजे आमची कालवड. दहा म्हयन्यांची, कपाळावर पांढरा ठिपका. पंधरा दिस झाले, चारा टाकला की नुसता हुंगायची. दात कराकरा खायची, खुट्याभवती गोल गोल फिरायची, उगंच कुंथायची. शेवटच्या रातीला डोळे उघडे असून तिला मी दिसंना. मी हात पुढं केला तर हातालाच धडकली.

झरी गावात आमच्या गल्लीतलं हे तिसरं. आधी सरपंच माणिकरावाचं खोंड गेलं, मग गीताबाईच्या म्हशीची वगार, आन आता चिमी.

गल्लीतल्या म्हाताऱ्या आश्रुबा आबानं तिच्या मानंवर हात ठिवला तो काढलाच न्हाई. आबाच्या अंगाला कायम मातीचा आंबूस वास. बंडीचा एक खिसा फाटून लोंबायलाला. मायनं तो खिसा संक्रांतीपासून दोनदा शिवून दिल्ता.

"लय लाडाची व्हती रं माय," आबा म्हणला. "लय लाडाची."

ते ऐकलं आन माझं डोस्कंच फिरलं. आमच्या गल्लीत सरकी पेंड जाती ती नीलम्मा काकूच्या दुकानातली. मी तशीच अनवाणी निघाले. सोमवारचा बाजार भरायलाला. दुकानाम्होरं उभं राहून मी वरडले, "इषारी हाय ही बाई! हिच्या पेंडीत इष हाय! माझी चिमी मारली हिनं!"

लोकाला कुणीतरी बोलायचीच खोटी व्हती. दुपारपतुर पेंडीची सात पोती नालीत गेली. माणिकराव आला आन म्हणला, "गाळा पंचायतीचा हाय. येत्या सोमवारी पारावर बैठक. तवर दुसरं काय कारण निघलं तर ठीक, न्हाई तर गाळा खाली करायचा."

नीलम्मा काकूचा नवरा, रामलिंगअप्पा, चार वर्साखाली वारला. लेकरू न्हाई. गाळ्यात म्होरं पेंड, मागं चूल आन खाट. गाळा गेला की काकू रस्त्यावरच.

तिनं मला जवळ बोलवलं. मला वाटलं मुस्काटात देती.

"चिमी गेली व्हय गं?" ती म्हणली, आन पदर तोंडाला लावला.

मी घरी आले. इष घालणारं माणूस असं रडतं का?

२

दुसऱ्या दिशी परभणीहून वीरुपाक्ष सर आले. ढोराच्या डाक्टरनं त्यायला कळवलं व्हतं. सर कॉलेजात जनावराच्या खाण्यावर शोध करायचे. काडीपैलवान, डोळ्याला जाड चष्मा, मोटरसायकलीला कागदी पिशव्यांचं बंडल बांधलेलं.

त्यायनं हात जोडून नीलम्मा काकूला "शरणार्थ अक्का" म्हणलं आन उरलेल्या पोत्यातून पेंड काढली. वरून, मधून, बुडातून. मी बगत उभी व्हते. मला राहवंना.

"सर, प्लास्टिकची पिशवी घ्या की. कागद फाटतो."

"प्लास्टिकमधी घाम सुटतो," सर म्हणले. "दाण्यात जरा वल असली आन हवा कोंडली की घाम सुटतो. घाम सुटला की बुरशी. म्हून कागद."

"बुरशीनं ढोर मरतं?"

"एक बुरशी हाय. तिच्यातून इष सुटतं. अफ्लाटॉक्सिन."

"अफलातून?"

सर हसले. "नाव तसंच हाय, पण गुण तसा न्हाई. त्यानं लिवर जातं. मोठ्या बैलाला लवकर कळत न्हाई, वासराला कळतं. आन सगळ्यात आधी कळतं बदकाच्या पिल्लाला. म्हून आमी पिल्लं ठिवलेत. ही पेंड त्यायला खाऊ घालून बगायची."

"मंग पिल्लू मरन की!"

"मेलं तर पेंडीत इष हाय."

"नाव काय त्यायचं?"

"नंबर असतेत. एक ते बारा."

"नंबराला कोण वो देतं सर?"

सर पिशवीवर पेननं लिहीत राहिले. मंग म्हणले, "नाव काय तुझं? शाळंत जात न्हाईस?"

"मनकर्णा. आठवीत सोडली. मास्तरचं आन माझं जमलं न्हाई."

"मंग मोकळीच हायस. ढोरं काय काय खातेत ते बगून ठिव. मी ऐतवारी येतो."

३

पाच दिस मी गल्ली धुंडाळली. पैलं घर गीताबाईचं.

"मावशी, तुमी पेंड कुठून आणता?"

"घाण्यावरून. करडईची."

"नीलम्मा काकूकून न्हाई?"

"तिच्या दुकानात मी पाय ठिवत न्हाई. सतरा वर्सं झाली."

"कामून?"

गीताबाईनं लय इचार केला. "भांडण झाल्तं. कशावरून ते आता मलाबी आठवंना. पण पाय ठिवत न्हाई."

मी चटकन उठले. गीताबाईची वगार मेली ती काकूच्या पेंडीचा कण न खाता. तिथंच माझं बोलणं खोटं पडलं. मला तिथल्या तिथं जमिनीत गडप व्हावं वाटलं. पण गीताबाईला घिऊन माणिकरावाकडं गेले तर तो म्हणला, "एक वगार आपल्या मरणानं मेली आसंल. बाकी दोन कशानं मेले ते सांग."

घरी आले तर माय गवऱ्या थापायलेली. आमच्या मागल्या भिंतीवर कुणीतरी निळ्या रंगानं 'नामांतर झालंच पाहिजे' लिव्हलेलं. माय तेवढी अक्षरं सोडून खाली थापायची. म्हणायची, लिव्हणाऱ्याच्या जिवाचं हाय ते, त्यावर श्याण नगं.

"मने, वाळलेल्या काढ आन ढिगावर रच," माय म्हणली.

मी एक गवरी काढली. रागातच काढली, म्हून हातातच मोडली. आतून पिवळ्या टरफलाचे तुकडे निघले, नखाएवढे. मी दुसरी मोडली. त्यातबी.

"आगं मोडायलीस कामून बये! जाळायच्या हायत त्या!"

"माय, आपल्या ढोराला मका कुणी घातला?"

"मका? आपल्यात मका कुठंय?"

मी ढिगाला हात घातला. गवऱ्यांचा ढीग म्हंजे दिसांचा ढीग. तळाला दिवाळीच्या, वर आताच्या. माय वरडत व्हती आन मी थरावर थर मोडत चाललेले. तळाला साधं श्याण, कडबा, सरकीचं टरफल. मधापतुर तेच. मंग दत्तजयंतीच्या वक्ताला रचलेला थर आला, त्यात पैला पिवळा तुकडा दिसला. तिथून वर रोजच.

कुणीतरी आमच्या चिमीला म्हयनाभर मका चारायलालं, आन घरात कुणालाच पत्ता न्हाई.

४

गावात मका पेरणारं घर एकच, आश्रुबा आबाचं. सरकारी बियाणाची पिशवी मिळाली म्हून आबानं पावसाळ्यात एक पट्टा पेरला व्हता. त्या वर्सी, अठ्ठ्याऐंशीला, पाऊस उघडायलाच तयार न्हाई. कणसं भिजली.

मी आबाच्या पोराला, नागनाथला गाठलं. तो सायकल पुसायलाला.

"नागनाथदा, तुमच्या मक्याचं काय झालं?"

"काय व्हायचंय? वल्ला व्हता, यापाऱ्यानं हात लावला न्हाई. मी आबाला म्हणलं, टाका उकिरड्यावर. टाकला."

"तुमी बगितलं टाकताना?"

"मला दुसरे धंदे न्हाईत का?"

मी त्यायच्या उकिरड्यावर गेले. राख, काडी, केसं, कंदिलाची फुटकी चिमणी. पण दिवाळीला वल्ला मका उकिरड्यात पडला असता तर आतापतुर तिथं मक्याचं रान माजलं असतं. एक कोंब न्हाई. मका इथं आलाच न्हाई.

मंग गेला कुठं? आन चारला कुणी? माझ्या डोळ्याम्होरं नागनाथच आला. वल्ला मका फुकट गेला म्हून खुन्नस काढायला गल्लीभर चारला का? त्याचं आन माणिकरावाचं बांधावरून वाजलेलंबी व्हतं. मी तशीच माणिकरावाकडं निघाले. पण बाजारातलं वरडणं आठवलं आन पाय जागीच थांबले. ह्या बारीनं आधी बगायचं, मंग तोंड उघडायचं.

वाटंत चतुराबाईचं घर. आमच्या आन गीताबाईच्या मधी. तिच्या दावणीला ढाण्या बांधलेला, खोंडच, चिमीएवढंच. टुमटुमीत. काकूची पेंड सगळ्यात जास्ती त्यालाच.

"मावशी, तुमचा ढाण्या बरा हाय?"

"त्या मेल्याला काय धाड भरतीया!" चतुराबाई म्हणली. "आमच्या मालकाला असं ढुसकलं, आठ दिस कुशीवर झोपता आलं न्हाई. जवळ जाऊ नको गं!"

"मंग पेंड कशी घालता?"

"लांबून. फावड्यानं दावणीत ढकलते. त्याच्याजवळ कुणी म्हंजे कुणी फिरकत न्हाई."

मी पायरीवर बसले.

डावीकडची वगार मेली, उजवीकडची कालवड मेली, आन मधलं मारकं वासरू जगलं. पेंडीत इष असतं तर ढाण्या आधी जायला पायजे, कारण पेंड लांबून ढकलली तरी दावणीत पडती. मका दावणीतून आला न्हाई. मका हातानं आला. हुंगवून, तळहातावर ठिवून. तो हात ढाण्याला भ्यायचा, आन जी जनावरं हात चाटायची त्यायलाच द्यायचा. खुन्नस काढणारा तळहातावर ठिवून चारत न्हाई. लांबून फेकून निघून जातो.

आमची चिमी कुणाचा हात चाटायची? माझा, मायचा. आन सकाळी सकाळी खिसा चावायची एकाचा. चावून चावून फाडला व्हता तिनं तो. मायनं दोनदा शिवला.

माझ्या डोळ्यात टचकन पाणी आलं. चतुराबाई म्हणली, "काय झालं गं, मारलं का काय त्यानं?"

५

ऐतवारी सर आले. बारापैकी बारा पिल्लं ठणठणीत. पेंड चांगली. मी त्यायला फाटकाबाहेर थांबा म्हणलं आन एकटी आबाच्या अंगणात गेले.

आबा उन्हाला बसलेला.

"आबा, तुमचा मका बगायचाय मला."

म्हाताऱ्याचं तोंड उजळलं. घरात डोकावून बगितलं, नागनाथ न्हाई ना म्हून. मंग वट्यामागं जाऊन फरशी सरकवली. खाली पेव. जुनं, जमिनीत माणूसभर खोल, ज्याच्यात आधी ज्वारी ठिवायचे. गावातली बाकी पेवं कवाच बुजली. नागनाथला हे बुजवून संडास बांधायचा व्हता.

"म्हणला टाका उकिरड्यावर!" आबा हसला. "आरं, अन्न हाय ते. दोन दिस उन्ह दिलं आन गुपचूप भरलं. बुडाला कडबा, भवती काड, वरून माती, श्याणाचा लेप. बापानं शिकवलं तसं. सात सात वर्सं ज्वारी राहिलीया ह्यात! दत्तजयंतीला उघडलं तर असा वास आला बग पेवाचा, लहानपण आठवलं. आता नागनाथ कामाला गेला की थोडं थोडं काढतो. पोराला कळलं तर बुजवून टाकील. म्हून गुपचूप लेकरायला नेतो."

तो लेकरं म्हणायचा वासराला.

मी वाकले. आबाच्या अंगाचा आंबूस वास हाच. दाणे एकमेकाला चिकटून गठुळे झालेले, गठुळ्यावर हिरवी-पिवळी भुकटी. खालची काड वल्ली.

"आबा, ज्वारी पेवात कवा जाती?"

"उन्हाळ्यात. खळं झाल्यावर. दाताखाली कट्टकन वाजंल अशी."

"आन मका कवा गेला?"

"दिवाळीच्या म्होरं मागं."

"वाजत व्हता का दाताखाली?"

"दात कुठंयत मला?" तो हसला, आन एक दाणा उचलून जिभंवर ठिवायला लागला. "पण चव बग की..."

मी त्याच्या हातावर फाडकन चापट मारली. दाणा उडाला.

सत्तर वर्साच्या माणसाच्या हातावर. आबानं माझ्याकडं बगितलं, मंग पडलेल्या दाण्याकडं, मंग पेवाकडं.

"घाम सुटला आबा त्याला," मी एवढंच म्हणलं.

तो तिथंच खाली टेकला. मंग हळूच म्हणला, "तुझ्या चिमीला मी दोन वंजळी द्यायचो गं. बाकीच्याला एक. ती खिसा सोडायची न्हाई म्हून."

६

सरांनी मका कागदी पिशवीत नेला. सरांच्या मागं काकूबी आल्ती. जाताना तिला बजावून गेले, की हे दुभत्या म्हशीला जरी गेलं तरी दुधातून लेकरायच्या पोटात जातं, दाणा कुठं सांडू देऊ नका. काकूनंच पेवाच्या तोंडावर फरशी वढली. तिनं कुणाचं पेव ते बगितलं, पण तोंडातून शब्द काढला न्हाई.

सोमवारी पारावर गाव जमलं. सरांनी सांगितलं, पेंडीत काय न्हाई. मक्याचा रस काढून काचंवर घेतला, निळ्या दिव्याखाली धरला, तर इषाचे ठिपके असे पेटले की त्यायनं असा मका आजपतुर बगितला न्हाई. मंग मी उभी राहिले.

"मागल्या सोमवारी मी काकूला इषारी म्हणले. भर बाजारात म्हणले. ते खोटं हाय. गीताबाई मावशी तिची पेंड घेत न्हाई, तरी वगार गेली. ढाण्या पोटभर पेंड खातो, तरी जिता हाय. मेलेल्या तिन्ही घरच्या गवऱ्यात मक्याचं टरफल हाय, ढाण्याच्या न्हाई. मी मोडून बगितल्यात."

"माझ्याबी?" माणिकराव म्हणला.

"अकरा मोडल्या. माफ करा."

लोकं हसले. माणिकराव हसला न्हाई. "बरं, मका. पण चारला कुणी?"

मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरली.

"मने, चारला कुणी?"

"मला ठाव न्हाई."

"येवढं ठाव हाय आन तेवढंच ठाव न्हाई? मंग नीलम्मानंच पेंडीसंगं..."

मी काकूकडं बगितलं. तिला सगळं ठाव व्हतं. एक नाव घेतलं की गाळा वाचत व्हता. ती मान खाली घालून पदराचं टोक पिळत बसली. तिनंबी नाव घेतलं न्हाई.

"बस खाली पोरी," मागून आवाज आला.

आश्रुबा आबा उठला. खिसा वढून उलटा केला. आतून पिवळी भुकटी सांडली.

"मी चारला. माझ्या हातानं. नीलम्मा, तुला माझ्यामुळं सोसावं लागलं. सरपंच, काय दंड करायचा तो मला करा."

नागनाथ खाली बगायलाला. आबा उभाच. उलटा खिसा आतड्यावानी बाहेर लोंबायलेला.

माणिकराव पुढं आला. "आबा," तो म्हणला, "माझं खोंड तुमाला बगितलं की हंबरायचं. मी इचारायचो, ह्याला आबा काय देतेत?" मंग त्यानं डोळ्यावरून हात फिरवला. "गाळा नीलम्माचा. नालीत टाकलेली पोती पंचायत भरून देईल. उठा."

७

पेव बुजवलं. मका सरांच्या म्होरं जाळला, धुराच्या अंगाला कुणाला उभं राहू दिलं न्हाई. एक पिशवी सरांनी शोधाला ठिवली. जाताना मला म्हणले, "सात नंबरच्या पिल्लाचं नाव आमी मना ठिवलंय. लय वरडतं."

पण आबा घराबाहेर निघंना. आठ दिस गल्लीत त्याची काठी वाजली न्हाई. गीताबाईची म्हैस सकाळी त्याच्या वाटंकडं तोंड करून उभी राहायची.

मी दुकानात गेले. काकूची माफी मागायची व्हती, पण शब्द सापडंना. सुई-दोरा मागितला.

"कशाला गं?"

"खिसा शिवायचाय."

काकूनं माझ्याकडं बगितलं. सुई-दोरा दिला, पेंडीचा एक खडा फोडून पदरात घेतला आन माझ्यासंगं निघाली.

आबा खाटंवर भिंतीकडं तोंड करून. मी बंडी मागितली न्हाई, अंगावर असतानाच खिसा शिवला. तो हलला न्हाई. काकूनं त्या खिशात पेंड घातली.

"नगं नीलम्मा," तो म्हणला. "ह्या हातानं नगं."

"माझ्या पेंडीवर तुमचाबी इश्वास न्हाई का आबा?" काकू म्हणली.

म्हातारा उठून बसला. खिशातून तुकडा काढला, नाकाला लावला. लय वेळ हुंगला. मंग दोन बोटानं दाबून बगितला, कोरडा हाय का. मंग काठी घेतली.

गल्लीत आलो. गीताबाईची म्हैस हंबरली. तिला दिली. म्होरं आमचा मोकळा खुटा, तिथं जरा थांबला. मंग चतुराबाईच्या दाराशी पाय अडखळले. ढाण्यानं मान खाली घातली, शिंगं रोखली.

"ह्याला कवाच दिलं न्हाई मी," आबा म्हणला. "भ्यायचो."

"आता द्या की," मी म्हणलं.

त्यानं तळहात पुढं केला. ढाण्यानं हुंगला. पेंड चाटून खाल्ली. मंग जे ढुसकलं, आबाची टोपी नालीत गेली आन आबा माझ्या अंगावर.

"मेल्या!" चतुराबाई फावडं घिऊन पळत आली.

आबा माझ्या खांद्याला धरून हसायलाला, बिन दाताचं, डोळ्यातून पाणी येईस्तोर.